खांबाचं पोट

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

इंदिरानगरला आमचं एका बंगल्याचं काम चालू आहे. मालकांना दारापुढे जुन्या ग्रीक देवळासारखे चार खांब हवेत. आमच्या सखामामा मिस्त्रींनी ते उभे केले.

सकाळी मी एका खांबाला दोरी लावून पाहिली, तर मधे पोट निघालं. सगळ्या मजुरांसमोर ओरडलो, "मामा, डोळे गेले का तुमचे? तासा ते!"

तासताना मामा पुटपुटले, "रस्त्यावरून बघा म्हणावं. सरळ खांब मधी खचल्यावानी दिसतो." माझे कान तिखट. ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी काम सुटल्यावर मालकांची मुलगी आली, आर्किटेक्चर शिकते. "काका, हा का तासला? ग्रीक कारागीर मधे मुद्दाम किंचित फुगवटा ठेवायचे. नाहीतर लांबून खांब आत गेल्यासारखा दिसतो."

रस्त्यावर जाऊन पाहिलं. तीन खांब ताठ, आणि मी तासायला लावलेला उपाशी माणसासारखा.

मीही घमेली उचलूनच वर आलोय. चारचौघांत बोलणी खाल्ली की कसं वाटतं, ते मला माहीत आहे.

मामा घरी गेले होते. गाडीत बसून फोन केला, चुकलो म्हणालो. ते म्हणाले, "जाऊ द्या शेठ, उद्या परत पोट भरू त्याचं."

फोन ठेवल्यावर कळलं, ओरडलो सगळ्यांसमोर आणि माफी मागितली गाडीच्या काचा वर करून.

उद्या मजूर जमले की पुन्हा मागणार आहे. तुमच्यापैकी कुणी अशी मागितलीय का? पहिलं वाक्य काय बोललात?