चार नग मोजून उतरलो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. बायको असती तर तिला तरी सांगितलं असतं का? — नसतं. तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असतं. म्हणून, ती आधीच गेली ते एका परीने बरं झालं, असं त्या दिवशी माझ्या मनात येऊन गेलं. बघा, कसा माणूस आहे मी.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण मला भीती वाटते. पाच वर्षं वाटतेच आहे, पण हल्ली ती सकाळी माझ्याआधी उठून बसलेली असते.

मी तीस-बत्तीस वर्षं मुंबईत बसचा कंडक्टर होतो. शेवटचा स्टॉप आला, गाडी रिकामी झाली, की मी मागच्या सीटपासून पुढे येत प्रत्येक सीटखाली वाकून बघायचो. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर चक्क कवळी. ज्याची त्याला परत पोचवण्यासाठी सगळं जमा करायचो. ड्रायव्हर वैतागायचा — चहा थंड होतोय, चल की लवकर! पण मी वाकल्याशिवाय गाडी सोडली नाही. घरीही तीच सवय. कुठेही उतरताना मोठ्याने विचारायचं, किती नग? पिशव्या मोजायच्या, मगच पुढे. मुलगा मंदार अजून यावरून माझी थट्टा करतो. बाबांबरोबर प्रवास केला तर आपलं काही हरवत नाही, असं पाहुण्यांना सांगतो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

रिटायर झाल्यावर मुंबईतली खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो, हाटकेशमध्ये. वर्षभरात बायको गेली. मग इरा झाली, मंदारची मुलगी. सूनबाईंची, श्वेताची, रजा संपली, पण पाळणाघरात ठेवायचं तिच्या जिवावर येत होतं. मी म्हटलं, मी आहे ना! त्या तीन शब्दांवर माझं या घरातलं सगळं स्थान उभं आहे. ते काढून घ्या — उरतो काय मी? हॉलमधल्या सोफ्यावर झोपणारा एक म्हातारा.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. माझा थोरला भाऊ, दादा. शेवटची चार वर्षं तो पोटच्या मुलीला विचारायचा, आपण कोण, कुणाकडे आलात? सुरुवात किल्ली विसरण्यापासून झाली होती. मग गॅस. मग एकदा तो घरचा रस्ताच विसरला आणि मुलीने बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. मी भेटायला गेलो की तो ग्रिलमधून बोटं बाहेर काढून उभा असायचा. माझ्याकडे बघून हसायचा, पाहुण्याकडे बघून हसावं तसं. ती बोटं मी विसरलेलो नाही. सगळं विसरलो तरी ती विसरू नयेत, असं वाटतं — आणि विसरलो तर बरं, असंही वाटतं.

तर तो दिवस. आमच्या बाथरूमची गळती खालच्या घरात उतरली होती, म्हणून फोडाफोडी काढली होती. धुळीने इराला खोकला यायचा. श्वेताने विचारलं, बाबा, संध्याकाळपर्यंत हिला बाहेर सांभाळाल? मी म्हटलं — काय म्हणणार? मी आहे ना.

अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही दिवसभर शहरात हिंडलाय कधी? दहा पावलं चालते, मग दोन्ही हात वर — उचल. उचलावं तर लगेच खाली उतरायचं असतं, कारण कुत्रा दिसलेला असतो. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, म्हणून रस्त्याच्या कडेने चालायचं, आणि गाड्या अशा अंगावरून जातात की पोरीचा हात धरून धरून आपला हात बधिर होतो. सकाळी बागेत गेलो. झोपाळ्यासाठी रांग, रांगेत रडारड. मग तिला बसमध्ये बसायचं होतं म्हणून काही काम नसताना चेणे गावापर्यंत गेलो, म्हशी बघितल्या आणि त्याच बसने परत आलो. एका बाकावर लंगोट बदलला. दुपारी गोडदेवला माझ्या जुन्या ड्रायव्हरकडे गेलो. त्याच्या बायकोने इराला दूधभात भरवला. मला वाटलं, आता झोपेल. कसली झोपते! त्याच्या घरातले सगळे डबे जमिनीवर मांडून बसली. चार वाजता तिथून निघालो तेव्हा माझे गुडघे बोलत होते आणि डोक्यात नुसता आवाज भरला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. थकलो होतो, एवढंच.

नाक्यावर शेअर रिक्षा मिळाली. मी कडेला बसलो. एका हातात इरा, खांद्यावर तिची बॅग, छत्री, पाण्याची बाटली. पलीकडे एक बाई बसली होती, साठीची असेल. इथल्या जुन्या गावातली, कासोटा घातलेली, कानात जड सोन्याची कुडी, पायाशी रिकामी होत आलेली भाजीची पाटी. इरा माझ्या हातातून निसटतेय हे तिने बघितलं आणि हात पुढे केले. "द्या पोरीला इकरं. परंल ती तुमच्या हातानं."

शेअर रिक्षात लहान मूल कुणाच्याही मांडीवर बसतं. आमच्या बसमध्येही बसायचं. कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. हात पुढे येतात, मूल जातं, उतरताना परत येतं. हजारो मुलं अशी मांड्या बदलताना मी बघितली आहेत. मी इराला तिच्याकडे दिलं. बाईने पोरीचं डोकं खांद्यावर घेतलं, पदराने ऊन अडवलं, पाठीवर थोपटलं. दिवसभर न झोपलेली माझी नात दोन मिनिटांत झोपली. तिची टोपी गळून पडली, ती मी उचलून हातात घेतली.

आता सांगतो.

माझा नाका आला. तिथून हाटकेशची दुसरी रिक्षा घ्यायची असते. मी सुटे पैसे दिले, उतरलो आणि सवयीने नग मोजले. बॅग, छत्री, बाटली, टोपी. चार. बरोबर. रिक्षा गेली. मागून हाक आली असेल, तर रस्त्याच्या आवाजात मला ती ऐकू आली नाही.

मी रस्ता ओलांडला. घरी न्यायला केळी घेतली. छान मोकळं वाटत होतं, हेही तुम्हाला सांगायला हवं. हात हलके वाटत होते. मग केळी बॅगेत ठेवायला टोपी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्याकडे बघितलं. पिवळी टोपी, वर बदकाची चोच. मी विचार केला — ही कुणाची?

खरंच विचार केला. कुणाची तरी राहिलेली वस्तू असावी, जमा करायला हवी. किती वेळ तसा उभा होतो? अर्धं मिनिट असेल, पाच असतील. मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हीच माझी खरी भीती आहे. मग टोपीला दुधाचा वास आला आणि इरा आठवली.

मी ओरडलो. काय ओरडलो, ते नीट ऐका. कारण "माझी नात राहिली" असं मी ओरडलो नाही. "माझी नात नेली," असं ओरडलो. "रिक्षातल्या बाईने नेली!"

का? दादाची बोटं डोळ्यांसमोर आली. विसरलो म्हटलं की संपलं. मंदार काही बोलणार नाही, श्वेता मान खाली घालेल, आणि दुसऱ्या दिवशी इरा पाळणाघरात जाईल. मग किल्ल्या माझ्यापासून लपवल्या जातील. मग कडी. हे सगळं मी त्या एका श्वासात बघितलं आणि तोंडातून "नेली" निघालं. "राहिली" म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता.

त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. मीही चार जणांना पाठवले होते. पानवाला, केळीवाला, रिक्षावाले, क्लासची पोरं — सगळे धावले. "अंकल, कैसी थी? क्या पहना था?" मी वर्णन दिलं. कासोटा, कानात कुडी, पाटी. कंडक्टरची नजर माझी, एकही खूण सुटली नाही.

आणि मग ती आली. पळून जाणारी बाई परत कशी येईल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. ती पुढच्या स्टॉपवर उतरून भर उन्हात उलट दिशेने चालत आली होती. डोक्यावर पाटी, कडेवर इरा, घामाने निथळत, डोळ्यांनी मलाच शोधत. मी दिसलो तशी ती हसली, हो, हसली, आणि तिने इराला माझ्याकडे वळवलं. "तो बघ गो, तुजा आजा!"

"यही है क्या?" कुणीतरी विचारलं. मी मान डोलावली.

इरा माझ्या हातात आली कशी, आठवत नाही. गर्दीचं आठवतं. पहिली थप्पड एका बाईने मारली. पाटी उलटी झाली, उरलेली माठाची भाजी लोकांच्या पायाखाली गेली. कुणीतरी केस धरले, कुणीतरी कुडी ओढली आणि तिचा कान फाटला. इरा माझ्या खांद्यावरून ते बघत किंचाळत होती, आणि चार-पाच मोबाईल वर धरलेले. त्या गर्दीतून बाईने मला हाक मारली. शिवी नाही दिली. हाक मारली.

"बाबा, सांगा की यांना! तुमीच दिलीव ना माज्याकरं? मी चोर न्हाय वो!"

सगळे माझ्याकडे वळले. पानवाला चांगला माणूस, त्याने हळू विचारलं, "काका, तुम्ही दिली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

हाच तो शब्द. एवढाच. यासाठी एवढं सगळं लिहिलं.

नंतर लोक तिला चौकीवर न्यायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, जाऊ द्या, पोरगी मिळाली, मला तक्रार करायची नाही. चौकीवर ती सगळं नीट सांगेल, रिक्षावाला सापडेल — मी घाबरलो होतो. पण लोकांना माझा केवढा मोठेपणा वाटला! एकाने माझ्या पाया पडल्यासारखं केलं. ती खाली बसून पाटी उचलत होती. कानाला पदर धरलेला, पदर लाल झालेला. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, इराकडे बघितलं. तिला कुठे लागलं नाही ना, हे बघावं तसं.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. तिचा चेहरा स्पष्ट, माझा फक्त खांदा. श्वेता मला मिठी मारून रडली. बाबा, तुम्ही नसता तर! इरा कितीतरी दिवस कासोट्यातली बाई दिसली की माझ्या पायांत शिरायची. ती भीतीही मीच तिला दिली.

दोन वर्षांनी मी ती बाई पुन्हा बघितली. भाईंदरच्या बाजारात खाली बसून भाजी विकत होती. एका कानाची पाळी दोन भागांत. समोर एक आई मेथी निवडत होती. तिचं नुकतंच चालायला शिकलेलं मूल तोल जाऊन पाटीवर कोसळायला आलं. कुणीही पटकन धरलं असतं. भाजीवालीने दोन्ही हात मागे घेतले, पदराखाली. मूल पालकाच्या जुड्यांवर पडलं आणि रडू लागलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, हात तसेच पदराखाली. मी दहा पावलांवर होतो. जाऊन बोलू शकलो असतो. मी वळून दुसऱ्या गल्लीने निघून गेलो. त्या बाजारात मी आता जात नाही.

इरा दुसरीत आहे. तिच्या पाठीवर निमिष झाला. तो दीड वर्षांचा आहे आणि दिवसभर माझ्याकडे असतो. श्वेता ऑफिसात सगळ्यांना सांगते, आमचे बाबा आहेत ना, मी बिनधास्त असते.

आणि गेल्या बुधवारी निमिषला कडेवर घेऊन मी आमच्याच चौकात उभा होतो. सिग्नल लागला, सुटला, परत लागला. घर डावीकडे की उजवीकडे, ते मला आठवेना. वॉचमनला मी आमच्याच बिल्डिंगचं नाव विचारलं, दुसऱ्या कुणासाठी विचारतोय असं दाखवून. तो म्हणाला, "क्या काका, मजाक करते हो." मीही हसलो. त्या आधीच्या आठवड्यातही एकदा झालं होतं. आता मी बाहेर पडल्यावर रुमालाचं एक टोक निमिषच्या मनगटाला बांधतो, दुसरं माझ्या. श्वेताला वाटतं, तो खेळ आहे.

हे घरात सांगायचं तर ते सगळं सांगावं लागेल — बुधवार, आणि त्याच्या मागची टोपी, आणि तो शब्द. मी सांगितलेलं नाही. आज सकाळीही नाही. चहा पिताना श्वेता समोर बसली होती, पाच मिनिटं आम्ही दोघंच होतो. मी तिला दुधाचा भाव विचारला.

दहा वाजले. श्वेता बाहेरून हाक मारतेय, बाबा, निमिष तयार आहे, त्याची टोपी तेवढी घ्या.

मी निघतोय.