बांधावरचा रानवाल

कासू गावात इंदुबाईच्या तोंडाला सहसा कोणी लागत नसे. घरात मुलगा-सून होती, पण नवरा गेल्यापासून वीस वर्षं शेत ती एकटीच करत होती. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल.

शेजारचं शेत काळुरामचं. तो धरमतरला जेटीवर शिफ्टला जाई, त्यामुळे भातानंतर त्याची जमीन पडीक असे. मधला बांधही त्याचाच. त्यावर रानवालाचे वेल माजले होते. पौषात एका सकाळी इंदुबाईने त्यातला एक शेंडा उलटून पाहिला, तर काळ्या मावा किडीने गच्च भरलेला. तिच्या वालाला तेव्हा नुकती फुलं धरत होती.

ती तशीच काळुरामच्या अंगणात गेली.

"ते रान काप. तुझ्या बांधावर पोसलेली कीड उद्या माझ्या वालावर येईल."

"माझ्या शेळ्यांचा पाला हाय तो," काळुराम म्हणाला. "तुझ्या वालाची राखण मी का करू, काकी?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने शेळ्या मुद्दाम ओढ्याकडे चरायला नेल्या. बांधावर एक पान कमी झालं नाही.

इंदुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तो शिफ्टला गेलेला पाहून तिने कोयता घेतला आणि दुपारपर्यंत सगळा बांध बोडका केला. कापलेले वेल तिथेच टाकून ती घरी आली. त्या दिवशी जेवण तिला गोड लागलं.

आठवडा गेला नाही तोच तिच्या वालाचे शेंडे काळे पडले. पानं चिकट झाली, कोवळ्या शेंगांवर रस पिणारे ढेकूण बसले. इंदुबाईने काळुरामच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"सूड म्हणून कीड आणून सोडलीस माझ्या शेतात!"

"मी? बांध कापलास तू!"

आरडाओरडा ऐकून कृषी सहायक वैशाली थांबली. ती गावात पिकं बघायला आली होती. तिने शेत पाहिलं, वाळलेले वेल पाहिले.

"मावशी, कीड बांधावरच होती. तिचं खाणं सुकलं, मग ती तुमच्या वालावर आली. तण काढायचं ते पेरणीच्या आधी. फुलोऱ्यात नाय."

काळुराम मोठ्याने हसला. ते हसणं इंदुबाईला किडीपेक्षा जास्त झोंबलं. वाल निम्मासुद्धा हाती आला नाही. वर्षभर ती त्याच्या घरावरून गेली की तोंड फिरवी.

पुढच्या साली भात कापून झालं, आणि वाल पेरायच्या आधीच ती कोयता घेऊन बांधावर उभी राहिली. काळुराम धावत आला.

"पाय ठेवशील तर बघ!"

"गेल्या वर्षी माझी वेळ चुकली," ती म्हणाली. "कापायचं चुकलं नव्हतं. हो बाजूला."

तो हलला नाही. तिने त्याच्या पायाजवळचाच वेल कापला. तो बघत राहिला, मग वाकून भारा बांधू लागला.

"पाला माझा हाय. एक काडी नेऊ नको."

"कोणाला पायजे तुझा पाला!"

तासाभरात बांध मोकळा झाला. काळुराम भारा उचलून घरी गेला.

त्या साली वाल शेंगांनी लगडला. माघात इंदुबाईने शेंगा आणि भांबुर्डीचा वासाचा पाला घालून मडकं भरलं, शेतातच त्याच्याभोवती जाळ करून पोपटी लावली आणि सगळ्या आळीला बोलावलं. सून ऋतुजाने हळूच विचारलं, "काळुदादाच्या घरी थोड्या शेंगा देऊन येऊ?"

"त्याच्या दारात गेलीस, तर या घरात पाऊल टाकू नको," इंदुबाई म्हणाली, आणि तिने गरम शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.