मामाचा देश, भाच्याचं राज्य

“हा हिरवा काढा,” हागोप साहेबांनी प्रूफवर बोट ठेवलं. “सगळं लाल करा.”

प्रूफ म्हणजे छपाईआधी क्लायंटला दाखवायची प्रत. बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या ऑफिसात प्रदर्शनांचे बोर्ड, नकाशे तयार होतात. हागोप साहेब आयुष्यभर इथेच राहिलेले आर्मेनियन व्यापारी. जुन्या आर्मेनियावरच्या या प्रदर्शनाचे स्पॉन्सर तेच. मजकूर इतिहासतज्ज्ञांचा होता, नकाशा माझा.

त्या काळी तो देश सरदार घराण्यांत वाटलेला होता. त्यांना नखरार म्हणत. आपले वतनदार समजा. त्यांतलं बग्रातुनी घराणं राजपदाला पोचलं. पण दहाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या आर्त्सरुनी घराण्यातल्या गागिकनेही मुकुट घेतला, तोही अरब सत्तेच्या हातून. बग्रातुनी राजा सम्बात त्याचा मामा. देश एक, राजे दोन. म्हणून रंग दोन: सम्बातचा लाल, गागिकचा हिरवा.

“गद्दार होता तो,” हागोप साहेब म्हणाले. “आमच्या मुलांना फूट दाखवायची नाही.”

“गद्दार लिहा सर, खाली जागा आहे. पण त्याचं राज्य मी पुसणार नाही.”

दुपारी मॅनेजर राघवननी केबिनमध्ये बोलावलं. “लोपीस मॅडम, एक कलर चेंज करना है. करो और खलास!”

“रंग नाही सर, राज्य आहे ते.”

“आपका व्हिसा रिन्यूअल मेरे टेबल पे है.”

मुलगी इथेच दहावीला होती. तरी म्हटलं, “दुसऱ्याकडून करून घ्या. पण नकाशाखालचं माझं नाव काढा. का काढलं असं कुणी विचारलं, तर मी खरं तेच सांगेन.”

राघवननी हागोप साहेबांना पुन्हा बोलावून घेतलं. मला वाटलं, आता माझी तक्रार होणार. मीच आधी विचारलं, “सर, तुमचं घराणं मूळचं कुठलं?”

“वान.”

मी नकाशावर वान दाखवलं. ते हिरव्यात होतं.

त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. मग ताठ आवाजात म्हणाले, “लावा तसाच. पण या बोर्डावर स्पॉन्सर म्हणून माझं नाव नको.”

“चालेल,” मी म्हटलं.

नकाशा दोन रंगांतच लागला. व्हिसा रिन्यू झाला, पण प्रदर्शनांचं काम माझ्याकडून गेलं. सध्या मी गुदैबिया भागातल्या हॉटेलांची मेन्यूकार्डं करते. घरच्या भांडणात तिऱ्हाइताने पडू नये म्हणतात. पण त्या भांडणाची हद्द आखायला तिऱ्हाइतालाच बसवलं, तर ती जिथे होती तिथेच पडणार.