शेवटच्या कडव्यातलं नाव

कावेरीअक्का बोलणाऱ्याला मध्येच अडवायच्या. वांगीवाला दारात येऊन म्हणाला, "अम्मा, लोण्यासारखी वांगी आहेत." अक्का म्हणाल्या, "सारखी म्हणालास, ही उपमा झाली. वांगी म्हणजे लोणीच, असं म्हण, की झालं रूपक." तो बिचारा तराजू धरून उभा. म्हणाला, "मग रूपक किती किलो देऊ?" अक्का इतक्या हसल्या की पायरीवर बसल्या.

कुंभकोणमला आमच्या गल्लीत सगळी मराठी घरं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी चौथीपर्यंत शिकले तेही तमिळमध्ये. अक्का प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि दुपारी आपल्या ओट्यावर मुलांना मराठी कविता शिकवू लागल्या. मुलं भजनात अभंग पाठ म्हणत, पण यमक म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. अक्का दारातल्या कोलमकडे, तिथल्या रांगोळीकडे, बोट दाखवत. "ही रेघ फिरून त्या रेघेला भेटते, तसं अक्षर अक्षराला भेटतं. ते यमक."

मी लग्नघरांसाठी मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, तळते. चुलीपुढून उठून शेजारच्या माझ्या दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा अक्कांनी हाक मारली, "चंपा, कान इथे आहेत, तू का तिकडे?" मग मीही बसू लागले. सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, हे मी तळताना बोटांवर मोजायची. असा माझा एक अभंग झाला.

अक्कांनी तो ऐकला आणि विचारलं, "शेवटी नाव कोठे?"

"माझं कशाला, अक्का?"

"अभंग करणारा शेवटी नाव घालतो. ती नाममुद्रा. नाव नाही तर हा कुणाचा, वाऱ्याचा?"

दोन दिवस जीव मुठीत धरून मी शेवट बदलला:

चंपा म्हणे विठो, घरभर धूर,
तरी माझा सूर मोकळाच.

आमच्या मठात भजन पुरुष सांगतात, बायका मागून ओळ धरतात. भजन चालवणाऱ्या भागवतरांना अभंग आवडला. गोकुळाष्टमीला म्हणू म्हणाले. "फक्त बाईचं नाव नको. मठात कधी झालं नाही. हिच्या सासऱ्यांचं घालू, रामा म्हणे. अक्षरंही बसतात."

"बसतात की," अक्का म्हणाल्या. "पण अण्णा, धूर रामाच्या डोळ्यांत कधी गेला? तो ओट्यावर विडा चघळत बसायचा."

"कावेरी, एवढ्याशा नावासाठी हट्ट?"

"एवढंसंच आहे ना? मग राहू द्या."

भागवतर हलले नाहीत. मी अक्कांचा पदर ओढला, म्हटलं घाला त्यांचं नाव. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू गप्प बसशील तर बस. खोटं मात्र म्हणू नको."

अभंग मठात म्हटला गेला नाही. अक्का पुढच्या अष्टम्यांना मठात गेल्याही नाहीत. ओट्यावर आम्हा बायकांना घेऊन बसत आणि तोच अभंग नावासकट म्हणवून घेत. मी मात्र शेवटच्या कडव्याला आवाज खाली आणायची. अक्का टाळ थांबवून म्हणत, "पुन्हा."

गेल्या मार्गळी महिन्यात अक्का गेल्या. तेराव्याला त्यांच्या घरी भजन होतं. सगळे पुरुष ओळीने बसलेले. भागवतर माझ्यापाशी आले. हळूच म्हणाले, "चंपा, अक्कासाठी आज तो अभंग म्हणू. नावाची जागा तेवढी गाळू. आता भांडायला कोण आहे?"

मी खांबाला टेकून उभी होते.

"मी आहे," मी म्हणाले.

आणि तिथूनच अभंग सुरू केला. आधी बायकांनी ओळ धरली, मग पुरुषांचे टाळही लागले. शेवटच्या कडव्याला टाळ थांबले. भागवतर खाली बघत होते.

नाव मी दोनदा घेतलं.