अण्णांची नवसाची दाढी

सकाळी अण्णांच्या तोंडावर गरम टॉवेल टाकायचा, हे आमच्या घरात माझं काम होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या दाढीचे केस इतके राठ, की नुसता साबण फासून ब्लेड फिरवलं तर गळ्यावर लाल पुरळ उठायचं, दिवसभर कॉलर टोचायची आणि ती चिडचिड वर्गातल्या पोरांवर निघायची. म्हणून आधी टॉवेल. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत स्टोवर पातेलं चढवायचं, पाणी उकळायच्या बेतात आलं की टॉवेल बुडवायचा, दोन्ही टोकं धरून पिळायचा, एकदा झटकायचा, मनगटाला लावून बघायचा आणि मग हनुवटीखालून सुरू करून दोन्ही गालांवरून वर न्यायचा. नाक तेवढं बाहेर. तो कोमट झाला की दुसरा. माझे हात पोळायचे, पण आईला मी हे काम कधी करू दिलं नाही. तिला टॉवेल नीट पिळता यायचा नाही, पाणी अण्णांच्या बनियनमध्ये जायचं आणि दोघांची जुंपायची. सकाळी सकाळी कुणाला हवंय ते?

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी अंबडच्या एका कारखान्यात कामाला लागले होते. रेडिओचे बारीक बारीक भाग जोडायचे, तारांना सोल्डर मारायचं, असं काम. मला ते मनापासून आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. स्थळं येत होती आणि जात होती. एकाला माझा चष्मा नडला, एकाला उंची नडली. एकाला तर मीच नडले, कारण त्याच्या काकांनी “स्वयंपाक येतो का?” असं विचारल्यावर मी मुलाकडे बघून म्हटलं, “ह्यांना येतो का?” त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. अण्णाही बोलले नाहीत, पण ते हसू दाबत होते असं मला अजूनही वाटतं.

त्या चैत्रात ते वणीच्या गडावर जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा टॉवेल पिळून आणला, तर त्यांनी माझा हात धरला.

“राहू दे. तुझं लग्न जमेपर्यंत दाढी करायची नाही, असं देवीला बोलून आलोय.”

आईने तिथल्या तिथे हात जोडले. माझ्या हातातला टॉवेल वाफाळत होता आणि माझं डोकं त्याहून जास्त. “अण्णा, माझ्या लग्नाचा आणि तुमच्या गालांचा काय संबंध?” असं मी विचारलं. ते म्हणाले, “आहे.” बस्स. गणिताच्या मास्तरांनी एवढ्यावर उत्तर संपवलं! मी तो टॉवेल बादलीत आपटला आणि न जेवताच कामावर गेले.

तुम्हाला वाटेल, दाढी ती काय, वाढली तर वाढली. डोंबल! ती दाढी म्हणजे आमच्या दारावर लावलेली पाटी होती. पोरगी अजून घरातच आहे, अशी. लोक समोरून आले की त्यांची नजर आधी अण्णांच्या हनुवटीवर जायची आणि मग माझ्या गळ्यावर, मंगळसूत्र दिसतंय का बघायला. वाणी साखर बांधता बांधता विचारायचा, “सर, अजून आहेच का?” शाळेतले मास्तर म्हणायचे, “आता रामकुंडावरच बसा, लोक पाया पडतील.” पोरांनी फळ्यावर जटाधारी बाबा काढला, हातात कंपास घेतलेला. अण्णा घरी येऊन हे सगळं हसत हसत सांगायचे. आणि आई म्हणायची, “हसा तुम्ही. आमच्या जिवाला घोर लागलाय.”

घोर मलाही होताच, पण वेगळा. माझ्या सकाळी बिघडल्या होत्या. पाच-साडेपाचला जाग यायची, सवयीने स्टो पेटवायचा, पातेलं ठेवायचं आणि मग आठवायचं की आता कशाला. मग मी उगाच खोलीतून ओट्यावर आणि ओट्यावरून खोलीत अशा येरझाऱ्या घालायची. हाताला काहीतरी हवं असायचं. अण्णांच्या दाढीचं सामान खिडकीत धूळ खात पडलेलं, आणि अण्णा खाटेवर बसून पेन्सिलीने हनुवटी खाजवत असायचे. उन्हाळ्यात तर त्यांचे हाल बघवत नसत. केसांच्या खाली घामोळं उठायचं. आमटीचा थेंब दाढीत राहायचा. रात्री खाजवण्याचा कर् कर् आवाज पडद्यापलीकडून यायचा आणि माझी झोप उडायची. राग यायचा तो असा की उठून कात्री घेऊन जावं. पण हे सगळं माझ्यासाठीच चाललं होतं. कुणी आपल्यासाठी त्रास काढायला लागलं की भांडताही येत नाही. हा तर सरळसरळ अन्याय आहे की नाही?

तरी मी भांडले. एकदा नाही, दहादा. म्हटलं, “अण्णा, तुम्ही शिकलेली माणसं. मला स्थळ येत नाही म्हणून तुम्ही गाल खाजवायचे, हे कुठलं गणित?” ते म्हणायचे, “तुला नाही कळायचं.” म्हटलं, “मग मीपण वेणी घालायची सोडते, तुमचं रिटायरमेंट होईपर्यंत.” त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि नवस तिथेच राहिला.

अशी दोन वर्षं गेली. दाढी छातीवर आली. एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने काळी. आणि मग वणीकडचं एक स्थळ आलं. द्राक्षाची बाग, घरचा ट्रॅक्टर, मुलगा बी.ए. झालेला. बघायला आले तेव्हा मुलगा नीट बोलला, चहाचा कप स्वतः उचलून आत आणून दिला. त्याची आई मात्र माझी बोटं निरखत होती. बोटांवर सोल्डरचे पोळल्याचे डाग होते. “एवढं कशाला करायचं बाई बायकामाणसानं,” ती म्हणाली. “आमच्याकडं आली की हे सगळं बंद. घरी काय कमी आहे?”

पसंती आली. आईने मला विचारलं, “काय कळवायचं?” मी अण्णांकडे बघितलं. ते कोपऱ्यात बसले होते, दाढीत बोटं घालून, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला एकदम त्यांच्या गळ्यावरचं घामोळं आठवलं. मी म्हटलं, “हो म्हणून कळवा.”

त्या मुलाला मी हो म्हटलंच नव्हतं. मी दाढीला हो म्हटलं होतं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कारखान्यात तारा चुकीच्या जागी लागायच्या. शेजारची मुलगी चिडवायची, “आता काय, बागाईतदारीण!” मी हसायची आणि संडासात जाऊन रडून यायची. घरी सांगायला तोंड उघडायची, तर आई कुणाला तरी आनंदाने सांगत असायची, नाहीतर अण्णा आरशासमोर उभे राहून दाढी हाताने वर धरून आपला गळा बघत असायचे. कसं सांगणार?

रविवारी सुपारी फोडायची ठरली. अण्णा वणीच्या बसने मुलाकडे जाणार होते, मामा परस्पर तिकडे पोचणार होता. लग्न जमलं, म्हणजे नवस फिटला. तेव्हा पाहुण्यांकडे दाढी उतरवूनच जायचं, असं आईने ठरवलं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांना सकाळीच घरी बोलावलं. अण्णांना ओट्यावर खुर्चीत बसवलं, अंगाभोवती जुनी चादर गुंडाळली. काका कात्री चालवत म्हणाले, “सर, आत चेहरा आहे ना अजून?” सगळे हसले. मी सोडून.

कात्रीने लांब केस गेले, पण खाली खुंट राहिले, नारळाच्या शेंडीसारखे. काका म्हणाले, “ताई, गरम टॉवेल पाहिजे. एक नाही, चार-पाच लागतील. नाहीतर वस्तरा ओढला जाईल आणि सर माझ्या नावाने बोंब मारतील.”

मी पाणी ठेवलं. टॉवेल बुडवला, पिळला, झटकला, मनगटाला लावला. दोन वर्षांनी. हनुवटीखालून सुरू करून गालांवरून वर नेला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. अण्णांनी डोळे मिटले आणि “आहाहा!” केलं. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं होतं, ते माझ्या तळहातांना कळत होतं. आणि का कोण जाणे, मला राहवलंच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं.

“अण्णा, मला हे लग्न नाही करायचं.”

काका चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावत होते. ते थांबले. आई दारात आली. अण्णांच्या श्वासाने टॉवेल वरखाली होत होता तेवढाच.

“मी तुमची दाढी जावी म्हणून हो म्हटलं,” मी म्हटलं. आता थांबणं शक्यच नव्हतं.

मग खालून आवाज आला, “गार झाला हा. दुसरा आण.”

मला वाटलं, ऐकलंच नाही त्यांनी. नाहीतर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी रडतच दुसरा टॉवेल पिळून आणला आणि टाकला. तेव्हा ते म्हणाले, “मुलगा वाईट आहे का?”

“नाही.”

“दुसरा कुणी आहे का मनात?”

“नाही हो, अण्णा.”

“मग?”

“मला कामावर जायचंय. ते सोडायला सांगतायत. मला नाही सोडायचं.”

आईने कपाळावर हात मारला. “अगं सटवे, आज सांगतेस? आज? तिकडं माणसं जमली असतील!” आई सिन्नरकडच्या खेड्यातली. संतापली की तिची बोली वर यायची. “लय झाले तुझे लाड. पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं आता?”

अण्णांनी टॉवेल काढला. अर्धवट कापलेली दाढी, लाल झालेला चेहरा, डोळे ओले. वाफेने असतील. ते काकांना म्हणाले, “चला, लावा वस्तरा.”

काकांनी वस्तरा मागे घेतला. “सर, लग्न नाही तर... म्हणजे नवस...”

“लावू नका!” आई पुढे झाली. “देवीचा नवस हाय. आता लावला वस्तरा तर कोप होईल. पोरीला भोगावं लागंल!”

मी नास्तिक बिस्तिक काही नाही, गडावरच्या देवीला मीही घाबरते. मी म्हटलं, “अण्णा, नको. राहू द्या.”

अण्णांनी मान मागे टाकली. “नवस मी बोललो होतो,” ते आईला म्हणाले, “हिनं नव्हता बोलला. मला वाटलं मी सोसतोय. सोसत ही होती. काका, तुम्ही तुमचं काम करा. देवीचं मी बघतो.”

काकांनी वस्तरा आपल्या कपाळाला लावून नमस्कार केला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि सुरू केलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिसरा टॉवेल आणला, चौथा आणला. हात पोळत होते, पण कळत नव्हतं. हळूहळू अण्णांचे गाल दिसायला लागले. उन्हाने काळवंडलेल्या कपाळाखाली ते अगदी पांढरे पडले होते, आणि आत गेलेले. दोन वर्षांत अण्णा एवढे वाळलेत, हे दाढीमुळे आम्हाला दिसलंच नव्हतं.

मग त्यांनी तोंड धुतलं, शर्ट घातला, टोपी घातली, पिशवी घेतली.

“आता कुठं निघालात?” आई भिंतीकडे बघतच म्हणाली. “माझा भाऊ तिथं हाय की. त्याला निरोप धाडा.”

“निरोपाने नाही म्हणायचं नसतं. त्यांच्या घरी जातो, तोंड दाखवून सांगतो. आणि तिथून गडावर जातो. तिलाही तोंड दाखवूनच सांगायला पाहिजे.”

मी त्यांच्या मागोमाग ओट्याच्या पायरीपर्यंत गेले. नळावर बायकांची गर्दी होती. अण्णांची गुळगुळीत हनुवटी बघून एकीने हंडा तसाच वाहू दिला आणि मोठ्याने म्हणाली, “अगंबाई! सर, जमलं म्हणायचं पोरीचं!”

सगळा नळ आमच्याकडे बघायला लागला. अण्णा थांबले. मी ओट्याचा खांब घट्ट धरला.

“जमलं होतं,” अण्णा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात. “मीच मोडलं.”