एक जूनला जन्मलेले दोघे

खोपोलीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. धूळ नको म्हणून, असं सांगितलं होतं. पण काहीजण दारातून नमस्कारही करत. त्या खोलीत रोज जाऊन बसण्याचा मान माझा होता, कारण मी बी.एस्सी. होतो आणि मुंबईला जाऊन प्रोग्रॅम लिहायचा एक छोटासा कोर्स करून आलो होतो. त्या कोर्सनंतर माझी चाल बदलली, असं आई म्हणायची.

काम असं होतं. कामगारांची सगळी माहिती तोवर पंच कार्डांवर होती. भोकं पाडलेले जाड कागदी पत्ते, एका माणसाचा एक. ते वाचणारं यंत्र मुंबईत होतं, आणि म्हातारपणामुळे ते हल्ली कामापेक्षा दुरुस्तीतच जास्त असायचं. म्हणून पत्त्यांवरचा मजकूर एकदाचा फ्लॉपीवर उतरवून आणायचा आणि आमच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचा, असं ठरलं. बसवणारा मी.

मजकूर आला, आणि पाहतो तर माणसांपेक्षा नोंदी जास्त. माणूस आधी हंगामी लागायचा, तेव्हा त्याचं एक कार्ड निघायचं. कायम झाला की दुसरं निघायचं, आणि पहिलं कुणी टाकून द्यायचं नाही. आपल्याकडे कागद सहसा टाकत नाहीत. तेव्हा एका माणसाच्या दोन नोंदी शोधून त्यांची एक करणं आलं. मी नियम केला: नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. हंगामी नोंद पुसायची, आणि तिच्यात काही जास्तीची माहिती असली तर ती कायमच्या नोंदीत घालायची. दोन वेगळ्या माणसांचं एवढं सगळं जुळणं जवळजवळ अशक्य, असं कोर्समध्ये शिकवलं होतं.

शिकवणाऱ्याने आमच्या भागातल्या शाळा पाहिल्या नव्हत्या. मी मात्र त्यातच शिकलो होतो. पोराला शाळेत घालताना मास्तर विचारत, "जन्म कधीचा?" आणि आई सांगे, "लावणी चालू व्हती," किंवा "म्हस याली त्याच साली." मास्तर पोराला एकदा वरपासून खालपर्यंत बघत, मनाशी वजाबाकी करत आणि लिहीत, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबाला सोपं. त्यामुळे निम्मा तालुका एक जूनला जन्मलेला. माझी आई शपथेवर सांगायची की मी सुगीत झालो, तेव्हा खळ्यात भाताचे भारे पडले होते. माझ्या दाखल्यावर एक जून. आणि आडनावं तर आमच्याकडे मोजकीच.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या खोलीत शिरताना चपलांबरोबर मी अक्कलही बाहेर काढून ठेवत असे. प्रोग्रॅम चालला, नोंदी भराभर कमी झाल्या, साहेबांनी पाठ थोपटली. मी सगळ्यांना चहा पाजला.

याच सुमारास माझं लग्न जमत होतं. मुलगी पळसदरीची. बघायला गेलो तेव्हा तिने विचारलं, कॉम्प्युटर काय करतो? मी चांगलं लांबलचक सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "समदं त्योच करतो तर मग तुमी काय करता?" मी पोह्यांची बशी पुढे ओढली. माझ्या गावी, लोधिवलीला परत येताना एक गोष्ट पक्की कळली होती: हे जमलं नाही तर मला फार वाईट वाटणार होतं.

मुलीकडचे चौकशी करतातच. तिचे वडील माझ्या रजेच्या दिवशी, मला न सांगता, कारखान्याच्या ऑफिसात आले. तिथल्या क्लार्कला नवं यंत्र कुणाला तरी दाखवायचंच होतं. त्याने त्यांना चपला काढायला लावून कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं, माझं नाव टाइप केलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आहेत की. कायम आहेत. क्रेनवर. शिक्षण बी.एस्सी. बायको आणि तीन मुलं, औषधपाण्याची सवलत चालू."

मध्यस्थाकडून निरोप आला: पहिल्या बायकोला विचारून या.

मी धावत कॉम्प्युटरपाशी गेलो. तिथे मी नव्हतोच. माझ्याच नावाचा, माझ्याच सालच्या एक जूनचा एक क्रेनचालक होता, मूळचा कळंबचा. तो कायम, मी हंगामी. म्हणजे मी त्याचंच जुनं कार्ड. माझ्या प्रोग्रॅमने मला पुसून टाकलं होतं आणि माझी डिग्री तेवढी त्याला दिली होती. कायम होण्यासाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो. कॉम्प्युटरने मला कायम केलं, पण क्रेनवर आणि तीन मुलांसकट. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा होता.

साहेबांनी चूक झाल्याचं सहीशिक्क्याचं पत्र दिलं. पळसदरीहून उत्तर आलं, "कागद नको. मानूस दाखवा."

मी क्रेनवाल्याकडे गेलो. सगळं ऐकून तो हसत हसत खालीच बसला. "बी.एस्सी. म्हंजे मोठं असतं ना रं? मंग ऱ्हाऊ दे की माज्याकडं." पण रविवारी तो बायको-मुलांना घेऊन पळसदरीला जायला कर्जतच्या गाडीला हजर झाला. वाटेत त्याच्या धाकट्याला माझा लळा लागला आणि काही केल्या तो खांद्यावरून उतरेना. अशा थाटात, खांद्यावर पोर घेऊन, मी मुलीच्या अंगणात शिरलो.

वडील पोराकडे बघतच राहिले. मी घाईघाईने कार्डं, फ्लॉपी, माझा नियम, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जन्म कवाचा तुमचा?"

आम्ही दोघे एकदम म्हणालो, "एक जून."

"माजा पन," ते म्हणाले.

शेवटी क्रेनवाल्याची बायकोच कंटाळली. तिने पोर माझ्या खांद्यावरून ओढून घेतलं. "ह्यो मानूस माजा, ही पोरं माजी. त्यो उरला त्यो तुमचा. घ्यायचा तर घ्या, आमची गाडी जाईल."

वडिलांनी आत हाक मारली, "काय गं, काय करायचं?"

ती दाराशी आली. तिने क्रेनवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, सावकाश.

"मला चालंल, बाबा," ती म्हणाली. "ह्यांना कुनीतरी वळखनारं पायजे."