दुखतं ते जुळ्याचं

परभणी जिल्ह्यात दुखणं नाकारण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस झाला नाही, आणि पुढं होईल असंही वाटत नाही. बोरीकडच्या एका खेड्यात त्यांनी उभी हयात मेंढरांमागं काढली. या हयातीत त्यांना काय काय झालं ते मामींना तोंडपाठ आहे; मामांच्या मते मात्र त्यांना कधीच काही झालेलं नाही. विंचू चावला तेव्हा ते म्हणाले, मुंगी असंल. एकदा एडक्यानं छातीत अशी धडक दिली, की दोन बरगड्या मोडल्या. लोक धावत आले, तर हे पडल्या पडल्याच सांगायला लागले, "माझं ऱ्हाऊ द्या. त्याच्या शिंगाला लागलं का बगा आधी." आमच्या लग्नात दाढ सुजून त्यांचा गाल कानाला टेकला होता. तशाही अवस्थेत ते पंगतीला बसले, एका बाजूनं लाडू चावत राहिले आणि विचारील त्याला "जरा तब्येत सुधारलीय" असं सांगत राहिले. "काय मामा, बरं आहे ना?" एवढं सहज विचारलं, तरी आपण त्यांच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखे ते बघायचे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. "हात झोपलाय, उठंल," म्हणून तासभर त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. शेवटी मामींनी शेजारची चार माणसं बोलावली आणि मामांना उचलून जीपमध्ये घातलं. जीव वाचला, आठ दिवसांत वाचाही परतली; उजवा पाय मात्र परतायला तयार नव्हता. पुढच्या उपचारांसाठी दोघं परभणीला आमच्याकडं राहायला आली. मी शिक्षक; सुट्टी संपल्यावरही माझी शाळा दुपारची, त्यामुळं रोज सकाळी मामांना रिक्षातून व्यायामाच्या दवाखान्यात नेण्याचं काम माझ्याकडं आलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई पिंगळीच्या. वयानं तरुण, आवाजानं मऊ आणि स्वभावानं चिवट. मामांच्या उजव्या पायाला त्या मोटारीवर चालणारी एक चौकट बांधत. पाऊल उचलायला ती चौकट जोर द्यायची, आणि जोर किती ठेवायचा हे पेशंट काय सांगतो त्यावर ठरायचं. घोटाळा इथंच होता. "बाबा, दुखतंय का?" "न्हाई." "ताण येतोय?" "न्हाई." "थांबायचं जरा?" "कामून?" बाई विश्वासानं जोर वाढवत गेल्या आणि पाचव्या दिवशी मामांचा चांगला असलेला डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. "थंडीनं सुजलाय," मामा म्हणाले. मे महिना होता.

मग बाईंनी त्यांचा डिजिटल जुळा तयार केला. कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या यांवर बटणाएवढे सेन्सर चिकटवले, मापं घेतली, मामांना दोन दांड्यांमधून चालवलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक करडा माणूस उभा राहिला. मामा चालले की तोही चालायचा, तसाच उजवा पाय ओढत. चौकटीचा जोर आधी त्या जुळ्यावर लावून बघायचा, त्याला झेपला तरच मामांना लावायचा, अशी ती सोय होती. ज्या सांध्यावर भार जास्त, तो पडद्यावर लाल व्हायचा. मामांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "पटका कुठाय ह्याचा?" बाई म्हणाल्या, तशी सोय नाही. "बोडका हिंडायलाय, आन् म्हणं माझा जुळा," मामा म्हणाले आणि चालायला लागले. चार पावलांत जुळ्याचा डावा गुडघा लालभडक झाला.

"बाबा, डावा गुडघा दुखतोय ना?"

"न्हाई."

"मग हा का लाल झालाय?"

"त्याला इचारा."

मला वाटलं, आता बाई चिडणार. पण त्यांनी मामांची खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "याला बोलता येत नाही हो, बाबा. याला काय होत असेल ते तुम्हीच सांगा."

मामा विचारात पडले. मुक्या जनावराचं दुखणं ओळखण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "उजवा पाय टेकायला भेतोय त्यो. समदा भार डाव्यावर घ्यायलाय. गुडघ्यात आतल्या बाजूनं दाभण टोचल्यावानी होत असंल त्याला. वळताना जास्ती." बाईंनी लगेच जोर कमी केला.

त्या दिवसानंतरही मामांचं काही दुखलं नाही ते नाहीच. जुळ्याचे मात्र फार हाल सुरू झाले. "आज कंबर धरलीय त्याची." "पोटरीत दोन डाव गोळे आले त्याला." "खाली बसता येईना त्याला, पण सांगायची लाज वाटती." रिक्षात मी विचारलं, "मामा, आता कसं वाटतंय?" तर म्हणाले, "मला काय झालंय?" आणि उड्डाणपूल ओलांडल्यावर, "त्यो मातर लय बेजार हाय." खरं कळायला लागल्यामुळं उपचार लागू पडले. दांड्या सुटल्या, मग चौकट सुटली, हातात काठी आली.

मेंढरांमागं माळावर कधी जाता येईल, एवढंच मामांना हवं होतं. एक दिवस मामीही सोबत आल्या होत्या, तेव्हा मामांनी ते बाईंना विचारलं. बाईंनी जुळ्याला पडद्यावरच्या उतारावर उभं केलं. काठी देऊन चालवलं, चौकट लावून चालवलं, सावकाश चालवलं. तो दर खेपेला पडला.

"सपाटीवर काठीनं चालाल, बाबा," बाई म्हणाल्या. "उतारावर नाही."

मामा पडलेल्या जुळ्याकडं बघत राहिले. "त्याला ठावं होतं," ते म्हणाले. "पैल्या दिसापासून ठावं होतं. भ्या वाटायलंय त्याला."

"कशाचं?"

"बाजंवर पडून ऱ्हायाचं. बायकूनं तरी किती दिस उठवायचं, बसवायचं? तीबी थकलीय आता."

चाळीस वर्षांच्या संसारात मामींनी हे पहिल्यांदा ऐकलं. त्यांनीही मामांकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघून म्हणाल्या, "त्याला म्हणावं, बायकूला एकदा इचारायचं तरी."

"सांगतो," मामा म्हणाले.

दिवाळीआधी दोघं गावी परतली. जुळा अर्थात दवाखान्यातच राहिला. मेंढरं आता पुतण्याकडं आहेत. सकाळी कळप निघाला की मामा काठी टेकत वेशीपर्यंत जातात आणि शेवटचं मेंढरू टेकाडाआड जाईस्तोवर तिथं उभे राहतात. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. सवयीनं गुडघ्याची चौकशी केली. "गुडघ्याला काय झालंय?" मामा म्हणाले.

मला वाईट वाटलं. चहा घेताना मी मामींना म्हणालो, दवाखान्यात निदान बोलायचे तरी. मामींनी बाहेर बसलेल्या मामांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"परवा सकाळी भिंतीकडं तोंड करून म्हणले, आज लय ठणकायलंय. कुणाचं, ते काय सांगितलं न्हाई, जावाई. मीबी इचारलं न्हाई. तेल कोमट केलं, आन् मी लावत बसले."